सीताफळाचे खुंट

माझ्या नोकरीचं कागदावरचं नाव ‘उद्यान सहायक’ असं होतं. गावात माळीण म्हणत. मला दोन्ही चालायचं. चालायचं नाही ते एकच: शहरातून येणारे पाहुणे पहिल्या दिवशी ‘मावशी’ म्हणून हाक मारत. त्यांतले बरेच जण माझ्याच वयाचे, काही तर चांगले थोराड. मी खुरपं खाली ठेवून सांगायचे, मला माळी म्हणा, ताई म्हणा, मावशी म्हणू नका, मी बी.ए. आहे, भूगोल घेऊन, परळीच्या कॉलेजातून. भूगोलाचा आणि बागेचा काय संबंध, असं एका बाईंनी विचारलंही होतं. संबंध नव्हताच. पण आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं आणि ही गोष्ट मी संबंध असो-नसो सांगत असे. अजून सांगते.

सिरसाळ्याहून परळीकडे निघालं की रस्त्याला लागूनच पत्र्याची लांब शेडं दिसत. ती फळबागवाल्यांच्या सहकारी संस्थेची. संस्था निघाली तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होते. पुढाऱ्यांनी माळरान घेतलं, सभासद केले, सीताफळं लावली, फळं खोक्यात भरून मोठ्या शहरांत पाठवायची म्हणून शेडं उभारली आणि फीत कापली. झाडं आली, फळंही आली. पण पिकलेलं सीताफळ दोन दिवस थांबत नाही आणि संस्थेची बैठक दोन-दोन महिने व्हायची नाही. शेडं रिकामी पडली. त्यात शेरडं बसू लागली.

मग सर आले. सर चित्रकलेचे प्राध्यापक, पुण्यात नोकरी करून रिटायर झालेले. मूळचे आमच्याच भागातले. आपण याच मातीतले, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. पण मिसरूड फुटायच्या आधीच ते इथून बाहेर पडले होते. त्यांनी शेडं भाड्यानं घेतली, आत भिंती घातल्या, छपरात काचा बसवल्या, खाटा टाकल्या. चित्रकार, शिल्पकार, मातीकाम करणारे असे लोक तिथं येऊन महिना-दोन महिने राहायचे आणि आपलं काम करायचे. परळी स्टेशनावर उतरून, अंगावर तिथल्या वीजकेंद्राच्या राखेचा पातळ थर घेऊनच ते येत. गावानं त्या जागेला ‘चित्रवाल्यांचं शेड’ असं सरळ नाव दिलं.

संस्थेनं जागा दिली ती एका अटीवर. ते कलम मला पाठ होतं, कारण माझी नोकरी त्यातूनच निघाली होती. संस्थेची फळझाडं जिवंत राखायची जबाबदारी भाडेकरूची; झाडं राहिली नाहीत तर जागा परत. बाकीची झाडं आधीच्या वर्षांत गेलेली होती. उरली होती ती रस्त्याकडच्या कुंपणालगतची सीताफळांची एक ओळ. ती ओळ जगवायला एक माणूस पाहिजे होतं. ते माणूस मी.

काम अवघड नव्हतं, पण विचित्र होतं. बाकी ठिकाणी माळ्याला गवत काढायला सांगतात. इथं एक चित्रकार येऊन म्हणायचा, हे गवत आठवडाभर काढू नका, मी ते रेखाटतोय. एकीनं मला वाळली पानं झाडू दिली नाहीत. तिला त्यांचा आवाज टेप करायचा होता. एका म्हाताऱ्या चित्रकारानं माझ्या हातांचं चित्र काढलं आणि खाली लिहिलं ‘श्रम’. मी म्हटलं, खाली माझं शिक्षणपण लिहा. ते हसले, पण लिहिलं नाही. तरी लोक वाईट नव्हते. जेवल्यावर आपलं ताट आपण घासायचे. आमच्याकडच्या पुरुषांपेक्षा त्यांचं मला तेवढं जास्त पटलं.

आता घरचं सांगते. आमच्या भागात ऊसतोडीला माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाचट सोलते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. एकटा माणूस असला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि मजूर गोळा करणारा मुकादम त्याच्याकडं बघून तोंड वाकडं करतो. माझ्या मालकांना माझ्यामुळं दरवर्षी अर्धा कोयता म्हणून जावं लागायचं. कधी चुलतभावाच्या जोडीला, कधी कुणा अनोळखी माणसाच्या. ‘बायको बीए हाय, नवरा अर्धा हाय,’ असं पारावर लोक म्हणत. मालकांच्या तोंडावर म्हणत, आणि तेही ऐकून घेत.

माझी नोकरी आहे तोवर ते एकटे जातील; नोकरी गेली की पुढच्या हंगामात मी त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला जायचं नव्हतं. फडावरच्या पालात राहणं, पहाटे अंधारात थंडीत उठणं, हे मला भ्यायसारखं नव्हतं. पण एवढं शिकून शेवटी मी तिथंच गेले, असं माझ्या आई-बापानं ऐकू नये असं मला वाटायचं. तेवढ्यासाठी मी त्या ओळीला जपत होते. झाडांवर माझं फार प्रेम होतं असं नाही.

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं उभं आयुष्य फडावर गेलेलं. सासरे गेल्यावर संस्थेचं सभासदत्व त्यांच्या नावावर आलं होतं, पण बैठकीला त्या कधी गेल्या नव्हत्या. माझ्या नोकरीवर त्यांचा रागही नव्हता आणि कौतुकही नव्हतं. त्यांचा एक प्रश्न होता आणि तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर विचारत: झाडाला पानी घालायला बीए कशाला लागतंय?

पाऊस पडेनासा झाला, त्या साली त्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली. आधीचं वर्षही कोरडंच गेलं होतं. शेडाची विहीर संक्रांतीलाच तळाला गेली. बोअर नुसता हवा ओढायला लागला. गावाला टँकर सुरू झाला आणि त्यातलं थोडं आम्हाला मिळायचं, तेही पिण्यापुरतं. मी सरांना सांगितलं, गुलाब जाऊ द्या, पपई जाऊ द्या, हिरवळ तर जाऊच द्या. फक्त सीताफळाची ओळ धरायची. सीताफळ कमी पाण्यावर राहतं. पाहुण्यांच्या खोल्यांत मी दोन-दोन बादल्या ठेवल्या. एक साबणाच्या पाण्याची, एक बिनसाबणाची. बिनसाबणाची माझी. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक मडकं पुरलं, त्याला खाली भोक पाडून सुताची वात लावली, वर पाचटाचा थर दिला. ते पाणी मडक्यात टाकायचं. वातीतून ते थेंब-थेंब मुळाला जाई.

पाहुण्यांनी हा नियम इतका मनावर घेतला, की काही जणांनी साबण लावायचंच सोडलं. जेवणघरात खिडक्या उघड्या ठेवाव्या लागल्या.

त्याच उन्हाळ्यात मुंबईकडचा एक शिल्पकार आला होता. उंच, हळू बोलणारा, सकाळी मला आधी नमस्कार करणारा. त्याला लाकडात काम करायचं होतं. पण जिवंत झाड तोडायचं नाही अशी त्याची प्रतिज्ञा होती. तो सरांकडं मेलेलं लाकूड मागत होता. मी तेव्हा माहेरी गेले होते. चुलता वारला होता, त्याचे दिवस होते. माझ्या पाठीमागं सर त्याला घेऊन आवारात फिरले. चैत्र सरत आला होता. त्या दिवसांत सीताफळाला एक पान नसतं. नुसत्या काटक्या. बिनपानाचं सीताफळ सरांना ओळखू आलं नाही; म्हणाले, कुंपणाकडची ती वाळलेली दिसतात, घ्या.

मी परत आले तेव्हा ओळ गुडघ्याएवढी झाली होती.

एखाददुसरं झाड नव्हे. एकूण एक. आणि कलाकाराचं काम असल्यानं सगळे खुंट दोरी धरल्यासारखे एका उंचीचे, काप अगदी गुळगुळीत. मडकी जागेवर होती. पाचट जागेवर होतं. मडक्यांत पाणीसुद्धा होतं, कारण त्या भल्या माणसानं झाडं कापली, पण पाणी घालायचा नियम मोडला नव्हता. मेलेल्या झाडाला लोक पाणी का घालतात, हे त्यानं कुणाला विचारलं नाही. पुढं तो मला म्हणाला, त्याला वाटलं, हा इथला काही विधी असेल.

शेडात गेले तर सगळ्या फांद्या छपराला उलट्या टांगलेल्या. खाली पांढऱ्या कागदावर नाव लिहिलं होतं, ‘दुष्काळ’. सर त्याखाली उभे राहून मान वर करून बघत होते. मला म्हणाले, ‘‘बघ, किती बोलतंय हे.’’

मी त्यांना बाहेर खुंटापाशी आणलं आणि नखानं साल खरवडून दाखवली. आत हिरवं होतं. सरांनी विचारलं, संस्थेची कमिटी झाडं बघायला कधी येणार आहे. वैशाखात, असं मी सांगितलं. शिल्पकार तिथंच उभा होता, त्यानं ते हिरवं बघितलं आणि खाली बसला. त्याच्याकडं बघून राग आला होता. पण पान गळलेलं झाड मेलेलं समजणारा माणूस मी त्याआधी बघितलाच नव्हता, त्यामुळं त्याला काय बोलावं हे मला सुचेना.

घरी सांगितलं तेव्हा मालक म्हणाले, ‘‘समदी?’’

मी म्हटलं, समदी.

ते उठून बाहेर गेले. आत्याबाई भाकरी थापत होत्या, त्या थापतच राहिल्या. भाकरी तव्यावर टाकल्यावर म्हणाल्या, यंदा मुकादमाला काय सांगायचं ते सांगून टाका म्हनावं. त्यात टोमणा नव्हता. पेरणी करायची का नाही असं विचारतात, तसं होतं ते.

मग मी त्या खुंटांच्या मागं लागले. कापलेल्या तोंडांवर शेण-मातीचा लेप दिला. ऊन लागू नये म्हणून ओलं गोणपाट बांधलं. पाणी मात्र आता दुप्पट लागणार होतं आणि ते कुठून आणायचं हा प्रश्न होता. शिल्पकाराचा मुक्काम संपला होता, पण तो गेला नाही. रोज सकाळी सगळ्या खोल्यांच्या बादल्या तोच गोळा करायचा, गावात जाऊन न्हाणीघरांचं पाणी मागायचा. बायकांना त्याची गंमत वाटे. एवढा उंच माणूस दोन कळशा घेऊन दारात उभा राहून ‘आंघोळीचं पाणी आहे का’ विचारतो म्हणून पोरी हसत. पण देत. एक म्हातारी त्याला म्हणाली, ‘‘पानी न्हे, पन आमचं बाभळीचं झाड तेवढं ठिव.’’ गावात ती गोष्ट पसरलेली होती.

वैशाखात काही खुंटांना तांबूस-हिरवे डोळे फुटले, मुगाएवढे. काही तसेच राहिले, पण नखानं खरवडलं की आत ओल दिसायची. दोन-तीन काळे पडले, ते गेलेच.

कमिटी आली. अध्यक्ष आमच्याच गावचे, पाटाच्या पाण्याखाली मोठी जमीन असणारे; कारखान्यावर त्यांचा शब्द चालायचा. त्यांचं रस्त्याकडच्या जागेवर लक्ष आहे, तिथं गाळे काढायचे आहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. ते गाडीतून उतरलेच नाहीत आधी. काच खाली करून बघत राहिले. बाकीचे संचालक ओळीनं चालत गेले. एक म्हातारे संचालक वाकले, खुंटाची साल नखानं काढली, बोट जिभेला लावलं आणि म्हणाले, ‘‘हिरवं हाय.’’ मग सरळ झाले, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, ‘‘पन झाड कुठाय?’’

त्यांना शेडात नेलं. छपराला टांगलेल्या फांद्या बघून ते म्हणाले, हे जळनाला तरी द्यायचं होतं कुनाला.

अध्यक्षांनी विशेष सभा लावली. विषय एकच: झाडं राहिली की नाही.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खुंट म्हणजे झाड का? आपण नाही म्हटलं तर नाही, होय म्हटलं तर होय, असा तो प्रश्न. आणि एका संध्याकाळी मला सुचलं. ऊस तोडल्यावर जमिनीत जे खुंट राहतात, त्यांना आमच्याकडं खोडवा म्हणतात. त्यातूनच पुढच्या वर्षी ऊस येतो. शेतकरी त्या खोडव्याची नोंद कारखान्याला देतात आणि कारखाना ती उभा ऊस म्हणून घेतो. अध्यक्षांचा स्वतःचा खोडवा कितीतरी होता. मग ज्या माणसाला उसाचा खुंट पीक वाटतो, त्याला सीताफळाचा खुंट झाड का वाटू नये? हा मुद्दा माझा होता. हे मी इथं लिहून ठेवते, कारण गावात तो आजही दुसऱ्याच्याच नावावर सांगतात.

पण मी सभासद नव्हते. सभेत बसता येत होतं, बोलता येत नव्हतं. भाडेकरू म्हणून सरांना बोलता येणार होतं, म्हणून मी तो मुद्दा त्यांना नीट समजावून सांगितला. सर म्हणाले, छान, फारच छान. त्याआधी घरी चुलीपुढं आत्याबाईंनाही सांगितला होता, म्हणजे त्या समोर होत्या म्हणून बोलत होते. त्या डाळ निवडत होत्या. ‘हूं’ म्हणाल्या.

सभा संस्थेच्या जुन्या खोलीत भरली. पंखा नव्हता. पुरुष सतरंजीवर, बायका भिंतीला. आमच्या गावचा मुकादमही सभासद होता. तो दारात बसला होता, बिडी विझवून कानावर ठेवून. आत्याबाई आलेल्या बघून मला नवल वाटलं. त्या माझ्याकडं न बघता बायकांत जाऊन बसल्या.

सचिवानं कलम वाचलं. एकजण म्हणाला, खुंट जिवंत हाय हे आमाला मान्य हाय. पण कलमात फळझाड लिवलंय. दुसरा म्हणाला, ‘‘खुंटाला फळ लागतंय का बे? तुझ्या बापानं बगितलंय का?’’ हसणं झालं. पहिला म्हणाला, माझ्या बापाचं सोड, तुझ्या सासऱ्यानं संस्थेची सीताफळं न्हेली ती आधी सांग. त्यावरून बराच वेळ दुसरीच भांडणं निघाली.

मग सर उठले. मी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते. ते मातीबद्दल बोलले, संस्कृतीबद्दल बोलले, गावाचं आणि कलेचं नातं तुटता कामा नये असं म्हणाले. आपण याच मातीतले असंही म्हणाले. खोडव्याचा शब्द काढला नाही. विसरले असावेत, किंवा त्यांना तो फार लहान वाटला असावा. मागं कुणीतरी चहाचं काय झालं म्हणून विचारलं. सर बसले.

अध्यक्ष म्हणाले, मग कुणाला काही बोलायचंय का, नसेल तर ठराव टाकू.

भिंतीकडून आवाज आला. आत्याबाईंचा. त्या उभ्या राहिल्या नाहीत, पदर पुढं ओढून बसल्या जागेवरून बोलल्या. अध्यक्षांना त्यांनी विचारलं, पाटाखालचा तुमचा ऊस आमीच तोडायचो, ध्यानात हाय का?

अध्यक्ष म्हणाले, आहे की.

‘‘तोडल्यावर रानात काय ऱ्हातंय?’’

‘‘खोडवा.’’

‘‘त्येची नोंद कारखान्याला देता?’’

‘‘देतो.’’

‘‘मंग ती उसाची म्हनून देता का खुंटाची म्हनून?’’

खोली हसली. म्हातारे संचालक सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, घ्या आता. अध्यक्षही हसले, पण ते राजकारणातले माणूस. ते म्हणाले, ‘‘मावशे, सून घरी बसवायची म्हनून वकिली करायलीस व्हय?’’

मला वाटलं, आता त्या गप्प बसतील. हंगामाला पूर्ण कोयता झाला तर घराचं भलंच होणार होतं, हे त्यांना कुणीही सांगायची गरज नव्हती.

आत्याबाई म्हणाल्या, ‘‘तिला न्हेऊन करू काय? हास्टेलात शिकल्याली पोरगी. मोळी बांधता येत न्हाई तिला. बांधली तर गाडीवर चढंपर्यंत सुटती. माझ्या पोराला मुकादम शिव्या घालील तिच्यापायी.’’

आता खोली मोकळेपणानं हसली. सगळे माझ्याकडं वळून बघत होते. दारातला मुकादमसुद्धा मान हलवत हसत होता, त्याला जणू कधीपासूनचा संशय होता आणि तो आज खरा ठरला.

मोळी मला येते. माझं शिक्षण हॉस्टेलात झालं हे खरं, पण दर सुट्टीत मी आई-बापाकडं फडावर जायचे आणि कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आईचा हात मोडला तेव्हा तिच्या जागी मी उभी राहिले होते. माझ्या मोळीची गाठ सुटलेली कुणी बघितलेली नाही. आत्याबाईंना हे माहीत होतं. सोयरीक जुळवताना माझ्या आईनंच ते त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी ऐकून घेतल्या नाहीत. कॉलेजात प्राध्यापकांना उलट बोलले, पाहुण्यांना बोलले, सरांना बोलले. त्या दिवशी मात्र तोंड उघडलं असतं तर फडावर जाण्याची तयारी माझी मीच केली असती. मी सतरंजीच्या दशांकडं बघत बसले. कान तापले होते. ते खोलीतल्या उकाड्यानंच असं कुणी समजलं असेल तर बरं.

ठराव हात वर करून झाला. खुंट हे झाडच धरावे, पुढच्या वर्षी पुन्हा बघावे. अध्यक्षांनी स्वतः हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. त्यांना त्यांच्या खोडव्याबद्दल कुणी आणखी काही विचारायला नको होतं. मग चहा आला.

घरी जाताना आत्याबाई माझ्या पुढं चालत होत्या. मी त्यांना विचारलं, आत्याबाई, असं का बोललात? त्या म्हणाल्या, उन्हाचं बोलत बसू नगं, पाय उचल. त्याउपर त्या विषयावर आमचं कधी बोलणं झालं नाही. त्यांनी ते माझ्यासाठी केलं का स्वतःसाठी, याचा मी पुढं विचार केला. त्यांचं उभं आयुष्य मोळी वाहण्यात गेलं होतं, मानेचा मणका दुखायचा. पण दुखतं म्हणून दुसऱ्याला सोडवावं असं वाटणारीच सगळी माणसं असतात, असं नाही.

पाऊस त्या साली उशिरा आणि थोडाच झाला. खुंटांना फुटवे आले, एकेकाला चार-पाच. मी त्यातले दोन-दोन ठेवले, बाकी काढले. शिल्पकार पाऊस बघून मग गेला. जाताना त्यानं टांगलेल्या फांद्या उतरवून गावात जळणाला वाटल्या. सरांना ते फारसं आवडलं नाही. त्यानंतर आवारात मी पुढं बरीच वर्षं काम केलं, वेगवेगळ्या पाहुण्यांना मावशी म्हणू नका म्हणून सांगितलं, आणि कुणालाही करवत द्यायच्या आधी मला विचारायचं असा नियम करून घेतला.

दिवाळी झाली आणि कारखान्याकडं जायला ट्रॅक्टर आला. आमच्या भागात उसाचं नाव नव्हतं, त्यामुळं त्या वर्षी लांब जायचं होतं, पार कर्नाटकात. पारापाशी ट्रॉल्या उभ्या होत्या. बाया भांडी, पीठ, गोधड्या, कोंबड्या चढवत होत्या. बैलांऐवजी ट्रॅक्टर आला, एवढाच काय तो फरक. बाकी मी लहानपणी बघितलेलंच सगळं. मुकादम एकेकाचं नाव घेऊन जोड्या लावत होता. कोण कुणाबरोबर, कुणाचा कोयता पूर्ण, कुणाचा अर्धा. आमच्या मालकांचं नाव आल्यावर त्यानं चुलतभावाकडं बोट केलं. एरवी दरवर्षी ‘बाई येनार का’ म्हणून विचारायचा, या वेळी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला न विचारता, न बघता गाळलं जाण्याची ती पहिली वेळ होती, आणि मला ते बरं वाटलं.

मालकांनी गाठोडं वर टाकलं, एक पाय ट्रॉलीच्या फळीवर ठेवला आणि थांबले. सभेला ते आले नव्हते. ते तेव्हा कामाच्या शोधात परळीला गेले होते. सभेतलं त्यांनी पारावरच ऐकलं होतं, तिखट-मीठ लावून. इतके महिने त्यांनी काही विचारलं नव्हतं.

‘‘खरंच येत न्हाई व्हय गं तुला मोळी?’’ ते म्हणाले.

मी म्हटलं, ‘‘येती. तुमच्यापरीस बरी येती.’’

त्यांनी मागं वळून मुकादम कुठं उभा आहे ते बघितलं.

‘‘हळू बोल,’’ ते म्हणाले, आणि वर चढले.